उंबरठ्याचं इंग्रजी

दारापर्यंत नीट आलेले आप्पासाहेब उंबरठ्याशी थांबले ते हलेचनात.

"आप्पा, पाय उचला. घरी आलो आपण," सायली म्हणाली. वडिलांचा लुळा पडलेला उजवा हात तिनं आपल्या खांद्यावर घेतला होता. डावीकडून निजामुद्दीननं त्यांना धरलं होतं. तो गल्लीतलाच रिक्षावाला, पन्नाशीचा, कधीकाळी आप्पासाहेबांचा विद्यार्थी. दवाखान्यातून त्यानंच त्यांना घरी आणलं होतं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून अकरा दिवसांत आप्पासाहेबांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. छावणी भागातल्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस! वाचा परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. निघताना त्यांनी सायलीला बजावलं होतं, "जरा काही वेगळं वाटलं, तर वाट बघत बसू नका. लगेच आणा."

आणि आता आप्पासाहेब खाली बघत होते. चेहरा लाल झाला होता. मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

"थ्... थ्रे... थ्रे..."

सायलीनं त्यांना घट्ट धरलं. "निजामभाई, रिक्षा काढा! परत न्यायचं यांना. लवकर!"

"रुक बेटा." निजामुद्दीननं सरांची नजर कुठं लागलीय ते पाहिलं. मग त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "थ्रेशोल्ड. थ्रेशोल्ड ना, सर?"

आप्पासाहेबांचे खांदे सैल पडले. ते निजामुद्दीनकडे बघू लागले.

"आठवीत शिकवलेलं सरांनी," तो सायलीला म्हणाला. "थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. त्यातलं थ्रेश म्हणजे मळणी. लई जुन्या इंग्रजीत पायानं तुडवणं. माझे मामू देवगाव रंगारीला खळ्यावर बैल फिरवायचे, म्हणून ध्यानात राहिलं." मग तो सरांकडं वळला. "और होल्ड? ते होल्ड कुठून आलं, सर?"

"धरून ठेवणं," सायली पटकन म्हणाली.

"तू नको बोलू. सरांना सांगू दे."

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. आप्पासाहेबांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"मा... माहीत नाही."

"एकदम बराबर!" निजामुद्दीन ओरडलाच. "मी बी तवा हेच म्हणलं होतं, बेटा. धरून ठेवणं. खळ्यावरचा भुसा अडवायची फळी, म्हणून होल्ड. तर सर म्हणले, बस खाली, ती लोकांनी मागून जुळवलेली गोष्ट हाय. अर्धा शब्द कुठून आला ते कुणालाच माहीत नाही. सरांना सगळं याद हाय!"

सायलीला हसू आलं आणि रडूही. वडिलांना निजामुद्दीनच्या हाती सोपवून ती उंबरठा ओलांडून आत गेली आणि त्यांच्या समोर उभी राहिली. अकरा दिवस जे विचारायची तिला भीती वाटत होती, ते आता तिच्या तोंडून निघून गेलं.

"आप्पा, मी कोण?"

आप्पासाहेबांनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"माहीत नाही," ते म्हणाले. या वेळी अडखळले नाहीत.

निजामुद्दीननं मान खाली घातली.

"सायली," ती म्हणाली. "मी सायली, आप्पा."

मग ती खाली बसली. तिनं त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि घरात ठेवला.