दोन दिवसांचा बेत

“तळ्यावर दोन तास काय करायचं असतं?” बाबांनी विचारलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

झालं. दादाने आणि धाकटीने आठवडाभर डोकं खाजवून आखलेला बेत टेबलावर पसरून बाबांनी त्याची चिरफाड सुरू केली. त्यात नवल काही नव्हतं. बस आगारात तीस वर्षं वेळापत्रकं लावलेला माणूस. दुसऱ्याने लिहिलेली वेळ त्याला आजवर कधी पटली होती?

शहराला लागूनच असलेलं ते छोटं उपनगर. एक तळं, घड्याळाचा मनोरा, जुन्या यंत्रांचं संग्रहालय, टेकडीवरची बाग. मुद्दाम दोन दिवस काढून जावं असं तिथे फारसं काही नाही, हे बहीणभावाला पक्कं ठाऊक होतं. त्यांना जे दाखवायचं होतं ते यादीच्या तळाशी, बारीक अक्षरात होतं : जुना बंगला, रविवारी सकाळी अकरा.

बंगला जुना होता हे खरंच. तिथे म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना कायमचं सांभाळतात, एवढं मात्र कागदावर नव्हतं.

दादाची बदली परदेशात झाली होती. धाकटीच्या दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसकट सहा माणसं राहत होती. वर्षभरात बाबा दोनदा जिन्यात पडले होते, त्यामुळे त्यांना एकटं ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. पण ‘तुम्ही तिकडे राहा’ हे तोंडावर सांगायचं कोणी? दादाने शक्कल काढली. आधी फिरायला म्हणून न्यायचं, जागा आवडली की विषय काढायचा. धाकटीला ही हुशारी मुळीच आवडली नव्हती; पण दुसरा उपायही सुचत नव्हता, म्हणून ती मूग गिळून बसली होती.

आई वारली तेव्हा दादा चार वर्षांचा होता आणि धाकटी पाळण्यात. बाळंतपणानंतरचं दुखणं, एवढंच बाबांनी सांगितलं होतं. पुढे सगळं या एकट्या माणसाने केलं. शाळेत जाताना तिच्या वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. स्वतःची हौस म्हणाल तर महिन्यातला एक शनिवार, आगारातल्या जुन्या सोबत्यांना भेटायचा. आणि आता अशा माणसाला आपण सहलीच्या नावाखाली नेऊन सोडणार! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाबांची पेन्सिल बारीक अक्षरांवर येऊन थांबली.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले की रविवारी सकाळी त्या बाजूला बस नसते. त्यापेक्षा शनिवारीच जाऊ, साडेतीनची धरली की चारला दारात. त्यांनी अकरावर काट मारून चार लिहिलं. या सहलीमुळे सोबत्यांचा शनिवार चुकेल, असं दादाने भीत भीत सुचवलं, तर “चालेल” एवढंच म्हणाले.

दादाच्या जिवात जीव आला. स्वयंपाकघरात जाऊन तो धाकटीच्या कानाशी लागला की बघ, आपोआप जमतंय सगळं. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि चहा टाकला.

शनिवारी बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. संग्रहालयात दादा प्रत्येक यंत्राची पाटी मोठ्याने वाचत होता, नको तितका हसत होता. बाबा हो ला हो करत होते. तळ्यावर त्यांचं पाण्याकडे लक्ष नव्हतं. तीनदा घड्याळ पाहिलं. ‘थकलात का,’ असं धाकटीने विचारलं तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही. ते असं कधी करत नसत. तिला रडू आवरेना.

चारला दोन मिनिटं कमी असताना ते बंगल्याच्या फाटकात उभे होते. आतून पांढऱ्या साडीतली एक वयस्कर परिचारिका लगबगीने आली. दादाने पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, आम्ही सहजच, जुना बंगला म्हणून बघायला... तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाबांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, “काका, आज बस वेळेवर आली वाटतं.”



“बाबा, तुम्ही इथे आधी आलाय?” धाकटीने विचारलं.

“कागद बघितला त्याच दिवशी तुमचा बेत कळला मला,” बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच शांत होता. “तुमचं काही चुकलं नाही. मी राहीन इथे. सांगायला तुम्हाला जड जात होतं, मलाही जातच होतं.”

धाकटी ओक्साबोक्शी रडायला लागली. दादा मान खाली घालून उभा राहिला. सुटलो असंही वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून त्याने परिचारिकेला विचारलं, की बाबांना बागेकडची खोली मिळेल का.

“खोली दोघांची हवी,” बाबा म्हणाले.

“दोघांची? दुसरं कोण?”

बाबा दाराकडे बघत राहिले. परिचारिका आत गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हाताला धरून एक म्हातारी पाय ओढत चालत होती. केस बारीक कापलेले, नजर जमिनीवर. परिचारिकेने तिला पायरीपाशी उभं केलं आणि हळूच तिची हनुवटी वर उचलली.

“आक्का, वर बघा. पस्तीस वर्षांनी तुमची दोन्ही मुलं आलीत.”