तळहात

"काका, हात उताणे करा," तरुण फादर हळूच म्हणाले. आजाऱ्याच्या कपाळाला पवित्र तेल लावून झालं होतं. आता तळहातांना लावायचं होतं.

म्हाताऱ्या सुताराने हात पालथेच ठेवले.

उशाशी उभ्या असलेल्या बायकोने ते धरून उलटवले. जागरणांनी तिचे डोळे चुरचुरत होते, कंबर धरली होती. "अहो, लहान मुलासारखं काय करता? फादरांना आणखी चार घरी जायचं असेल."

"घरं कुठे पळून जात नाहीत," म्हातारा पुटपुटला. हात पुन्हा पालथे झाले. "तिथे आधीच लागलंय."

फादरांचा अंगठा तेलाच्या डबीवरच थांबला. धर्मगुरू होताना तळहातांना तेल लागतं. म्हणून पुढे कधी आजारी पडले, तर त्यांच्या हातांच्या पाठीला लावतात. हे फादर इथे नवे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

तिने मान खाली घातली. "लग्नाआधी फादर होते ते. माझ्यासाठी सोडलं."

फादर वाकले. "द्या हात, फादर," ते म्हणाले, आणि त्यांनी पालथ्या हातांवर तेल लावलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. यांना कधी पश्चात्ताप होत असेल का, हे विचारायची तिची उभ्या संसारात छाती झाली नव्हती. रंधा मारून मारून हातांना घट्टे पडले, त्यांत ते जुनं तेल केव्हाच जिरून गेलं, अशी ती मनाची समजूत घालायची. आणि आज हे म्हणतात, लागलंय.

फादर गेले. तिने उशी सारखी केली, औषध पाजलं, त्याचे ओठ टिपले. मग स्वतःचे हात पुसायला टॉवेल ओढला.

"बरंच जपून ठेवलंत की," ती म्हणाली. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. "मला वाटलं, गेलं असेल."

त्याचे डोळे मिटलेलेच होते. "गेलं की थोडं."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इतकी वर्षं हात कुणाचा धरला होता?"

तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग हात न पुसताच तिने टॉवेल दांडीवर टाकला.