जांभळ्या साडीचा स्कार्फ

कॉलेज रोडच्या सिग्नलला आईची रिक्षा थांबली. शेजारच्या मोटरसायकलवर एका पोराला बिलगून एक मुलगी बसली होती. सगळ्याच पोरी उन्हात बांधतात तसा तिनेही तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, नुसते डोळे उघडे. पण तो जांभळा स्कार्फ आईने स्वतःच्या साडीचा लेकीसाठी शिवला होता! सिग्नल सुटला, मोटरसायकल गंगापूर रोडकडे पळाली. घरी आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. आमटीत मीठ दोनदा पडलं. जिना वाजला की ती दाराशी धावायची. दिवेलागणीला लेक आली. “एक्स्ट्रा लेक्चर होतं गं.” समोर बाबा बसले होते, आईने तिचं ताट वाढायला घेतलं. सकाळी लेकीला स्कार्फ सापडेना. आईने कोरा काळा स्कार्फ तिच्या हातात ठेवला. “हा बांधत जा. जांभळा लांबूनही ओळखू येतो. काल सिग्नलला माझी रिक्षा होती, उद्या बाबांची स्कूटर असेल.”