डग्ग्यासाठी जागा

देवदत्तच्या छोट्या स्पीकरांतून तबला ऐकू यायचा, डग्गा नाही. म्हणून अमेरिकेतल्या बॉथेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये खास खर्जासाठी सबवूफर आला. काळा, चौकोनी, चांगलाच जड.

"रविवारपर्यंत याला जागा शोध, नाहीतर रिटर्न," रेणूने नवऱ्याला सांगून टाकलं.

तो शोधत सुटला.

टीव्हीमागे? नुसती घरघर.
खिडकीपाशी? काहीच नाही.
देवघराच्या कोपऱ्यात?
आहाहा! डग्गा थेट पोटात घुमला.

"देव हलणार नाहीत," रेणू म्हणाली.

नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या देवदत्तच्या सासूबाईंनी खोक्यावर थाप मारून पाहिली. "हलवता कशाला? चौरंगासारखंच तर आहे हे. देवघर यावरच ठेवू. देव जरा उंच होतील आणि जावईबापूंचंही काम होईल."

रविवारी पूजा आटोपल्यावर देवदत्तने जीव मुठीत धरून तबला लावला. डग्ग्याच्या पहिल्याच घुमाऱ्यासरशी निरांजन थरथरलं आणि पितळी बाळकृष्ण चक्क दोन बोटं पुढे सरकला. रेणूने रिटर्न करायला फोन उचलला. देवदत्तने आवाज बंद केला. सासूबाई मात्र डोळे विस्फारून देवघराकडे बघत होत्या.



"बंद काय करता जावईबापू, वाढवा! रेणूच्या लग्नात दिला तेव्हापासून नुसता गुडघा टेकून बसलाय लबाड. आज पहिल्यांदा रांगला!"