चाल कुसुमची

"हे असं झालंच नाही," दादाराव म्हणाले.

कुसुमने अंगणातल्या बाजेवर चित्रं ओळीने मांडली होती. एकूण बावन्न. शेवटच्या चित्रात लाल जहाजं तिसऱ्या चंद्राच्या ठाण्यावर उतरत होती. अहमदाबादेतल्या तिच्या शिक्षणाचं हे शेवटचं वर्ष. चार मिनिटांचा सिनेमा करायचा होता, सगळा हाताने काढलेल्या चित्रांचा, आणि विषय शोधताना तिला घरचाच खेळ आठवला होता. तिगाव स्टेशनामागच्या याच क्वार्टरात, ती शाळकरी असताना, बापलेकीने मिळून रचलेली आकाशातली लढाई.

"सरांनी पसंत केलं बाबा. संक्रांत झाली का कॅमेऱ्यावर घ्याचं हाय."

"पसंत करू दे न. पन तू जिंकली नव्हती."

"मीच जिंकली होती. मले पक्कं आठवते."

दादाराव रेल्वेत गँगमन. रुळाचे बोल्ट आवळण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस. वाद घालण्यापेक्षा उठून बघून येणं त्यांना बरं वाटे. ते आत गेले आणि कपाटामागून एक पुठ्ठा काढून फडक्याने पुसत बाहेर आले.

कुसुमला वाटलं होतं, तो खेळाचा पट कधीच चुलीत गेला असेल. सगळ्या पुठ्ठ्यावर सहा बाजूंची घरं, रुळाच्या बोल्टाचा नट ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवलेली. जिथे नट सरकला होता तिथे घर वाकडं झालं होतं. एका घरात तिच्याच बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, 'येथे हवा नाही.' दुसऱ्यात, 'येथे दोन डाव थांबा.' तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हात काढवेना.

दादारावांनी पुठ्ठा उलटा केला. मागे त्यांचं अक्षर होतं. लाल जहाजं तीन, पांढरी चार, कोणतं कोणत्या घरात ते सगळं. तारीख १४ जून १९७५. आणि खाली, 'चाल कुसुमची.'

"दुसऱ्या दिवशी तुले नागपूरले होस्टेलात सोडाचं होतं," ते म्हणाले. "माय हाक मारून राहिली होती, तू सामान बांधाले उठली. म्हटलं, डाव दिवाळीत पुरा करू."

दिवाळीत ती पुस्तकं घेऊन आली होती. पुढच्या दिवाळीतही. हे तिलाच आठवलं.

"मंग आता खेळून टाक," दादाराव म्हणाले.

"सिनेमात फासा नसते बाबा. कोन जिंकन ते मी ठरवते."

त्यांनी शेवटचं चित्र उचललं. "मंग लढतेत कायले ते लोकं?"

कुसुम हसली.  तिने चित्रं गोळा करून बाजूला ठेवली आणि बाजेवर पुठ्ठा पसरला.

संत्र्याच्या पेटीच्या लाकडाची जहाजं निघाली, तिची लाल रंगाची, त्यांची बिनरंगाची, म्हणून पांढरी. फासाही त्याच लाकडाचा, तापल्या तारेने डागलेला. दादारावांनी लिहिल्याबरहुकूम एकेक जहाज आपापल्या घरात बसवलं. शांताबाई दारात येऊन उभी राहिली. "जेवाले या म्हटलं त कोनी येत नाही. अन् चंद्रावर जाऊन राहिले बापलेक," ती म्हणाली, आणि सोललेलं संत्रं बाजेच्या कडेला ठेवून गेली.

कुसुमने फासा टाकला. एक. पुढच्या वेळी दोन. दादाराव मायेने हरणारे नव्हतेच. ती आठ वर्षांची होती तेव्हाही नव्हते. रडली तर म्हणत, रड, पन घरं मोजून रड. सावली बाजेखाली शिरली तोवर तिची दोन जहाजं कोपऱ्यात कोंडली गेली होती आणि तिसरं ठाण्याच्या दाराशी एकटं उभं होतं. सहा हवे होते. तीन पडले. दादारावांनी पांढरं जहाज उचललं, तिचं लाल जहाज बाजूला काढलं आणि आपलं ठाण्यात ठेवलं.

कुसुमने बाजूची चित्रं जवळ ओढली. म्हणजे लाल जहाजं जिंकतात ती शेवटची अकरा चित्रं गेली. ती नव्याने काढायची, त्यांच्यामधली हालचालीची शेकडो काढायची, सरांना समजवायचं. आणि हातात जेमतेम तीन आठवडे.

दादारावांनी तिच्याकडे पाहिलं. "सिनेमात तू जिंकली तरी चालन," ते हळूच म्हणाले. "तिथं कोन पाहाले येते."

तिने अकरा चित्रं वेगळी काढली, उलटी केली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"तुमचे लोकं ठाण्यात शिरले. आता काय करतीन? झेंडा लावतीन?"

"झेंडा कायले?" त्यांनी पेन्सिल पान्यासारखी मुठीत धरली, मग बोटांत घेतली. कोऱ्या बाजूवर एक खांब काढला. जरा कललेला. खांबाच्या टोकाला गोल. "आधी बत्ती हिरवी करतीन."

"कोनासाठी?"

"तुयासाठी. तुयी दोन जहाजं तिकडं अडकून हाय न अजून. घरी जातीन का नाही ते?"

कुसुम त्या गोलाकडे बघत राहिली. दर सेकंदाला बारा चित्रं. ती मनात हिशेब करू लागली.

"किती वेळ हिरवी ठेवू, बाबा?"

दादाराव खांबाच्या बुडाशी चंद्राची माती काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शेवटचा डबा निघून जाईस्तोवर."