खोडावरची अळंबी

दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीला टेकलेल्या झाडाच्या खोडावर फळीसारख्या कडक अळंब्या उगवल्या आणि माझा जीव टांगणीला लागला.

"लेकीचं झालं, आता झाडालाही लस टोचून आण!" नवरा हसला.

आज नवरा कामावर गेला होता; लेक झोपल्यावर दोन मिनिटांसाठी खाली गेले आणि अळंबीखाली आरसा धरला. नेहमीच्या अळंबीच्या छत्रीखाली असतात तशा पाकळ्या नव्हत्या, नुसती बारीक छिद्रं होती. फोटो माझ्या कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडमना पाठवला आणि वर आले.

दाराला आतून कडी.

"आई, मी कली लावली!" लेक खिदळली.

"शहाणी गं माझी बाय. आता उघड बरं."

"उघलत नाही... थांब, मी गॅललीतून येते!"

आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी धावत खाली आले, तर ती कठड्यावरून वाकून फांदी धरू पाहत होती. ओरडले असते तर दचकून पडली असती. आसपास चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात मॅडमचा मेसेज आला.

"ही अळंबी खोड आतून पोखरते. झाड वरून हिरवं दिसलं तरी त्यावर भार टाकू नकोस."



मी चपला काढल्या आणि पहिल्या फांदीला हात घातला.