कुंडाचं का ढोलाचं?

"कुंडाचं का ढोलाचं?" सुशिलाबाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला आणि हात पुढे केला.

समोरच्या म्हाताऱ्यानं पळसाच्या पानांत गुंडाळलेलं बकऱ्याचं कातडं त्यांच्या हातावर ठेवलं. "ढोलाचं," तो म्हणाला. जरासुद्धा अडखळला नाही.

सुशिलाबाई खूश झाल्या. एरवी गिऱ्हाइकाला अर्धा तास समजवावं लागे. सडक अर्जुनीत हायवेला लागून त्यांचा कातडं कमावायचा कारखाना. मागच्या अंगाला सिमेंटची कुंडं होती, त्यांत बाभळीची साल आणि हिरडा. त्या पाण्यात महिनाभर मुरलेलं कातडं तांबूस आणि टणक निघे. त्याचा पट्टा करा, चपलेचा तळ करा, हवं तेवढं ओझं झेलेल. आणि शेडमध्ये होता ढोल, मोटरवर गरगर फिरणारा, माणूस मावेल एवढा लाकडी ढोल. त्यात निळा मसाला टाकला की दोन दिवसांत मऊसूत कातडं हातात. बूट शिवा, पर्स शिवा, पावसापाण्याचं भय नाही. मोटर हिरालालची आणि निवड सुशिलाबाईंची, असा नवरा-बायकोत करार होता. हिरालाल तो निमूट पाळायचा, कारण बाईंची निवड कधी चुकलीच नव्हती. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

म्हाताऱ्याचं नाव झामसिंग. सालेकशाकडच्या जंगलातून दोन एस्ट्या बदलून आला होता. "पोरीच्या लग्नाले पायजे, बाई," तो म्हणाला. "देवाले देल्लेल्या बकऱ्याचं हाय. दुसरं चालत नाही. बिघडू नोका."

"माह्या हातून कातडं बिघडत नाही जी," सुशिलाबाई म्हणाल्या. पोरीसाठी पर्स करत असेल म्हातारा, त्यांनी मनाशी ठरवलं. लाल रंग द्यावा म्हणजे लग्नात शोभेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी झामसिंग परत आला. चुन्याच्या पाण्यात केस गळून कातडं दुधासारखं पांढरं निघालं होतं. हिरालालनं ते नुकतंच धुवायला ढोलात टाकलं होतं. ढोल साध्या पाण्यावर फिरत होता. मसाल्याची बादली भरून बाजूला ठेवली होती. झामसिंग शेडच्या दाराशी बाकावर बसला आणि कान देऊन ऐकू लागला.

"ढोलाचा आवाज कसा येईन जी?" त्यानं घरघरीवरून ओरडून विचारलं.

"आवाज? कान किटतात," सुशिलाबाई म्हणाल्या. "पल्याडच्या ढाब्यावर ऐकू जाते."

झामसिंगचा चेहरा फुलला. पण लगेच त्यानं मान हलवली. "एवढ्यानं काय होते? माह्या बापाचा ढोल तं दुसऱ्या डोंगरीवर ऐकू जाय. म्हाताऱ्या बाया बी उठून नाचत."

सुशिलाबाई हसल्या. हसता हसता थांबल्या. जंगलातल्या म्हाताऱ्याच्या बापाकडे मोटरचा ढोल कुठून आला? आणि त्यावर नाचतं कोण?

"कोणता ढोल जी?"

"लग्नात वाजवाचा. घरच्या सगळ्या पोरी त्याच ढोलावर सासरी गेल्या. आता कातडं फाटलं. केशोरीचा मढवणारा म्हणे, कातडं साफ करून आणा, मी चढवून देतो."

 सुशिलाबाईंनी गर्रकन वळून पाहिलं. हिरालालनं बादली उचलली होती.

"आयकलं का जी, थांबा," त्या ओरडल्या. मोटरपुढे कोणाला काय ऐकू येणार? त्या पदर खोचून धावल्या आणि त्यांनी खटका खाली ओढला. ढोल कुरकुरत थांबला. बादलीचा काठ मसाला ओतायच्या नळीला टेकला होता. एक घोट जरी आत गेला असता, तर देवाच्या बकऱ्याचं कातडं फडक्यासारखं मऊ पडलं असतं, आणि त्यावर थाप मारली की नुसतं भद्द वाजलं असतं. पोरीचं लग्न त्या भद्द आवाजावर लागलं असतं.

त्यांनी कातडं बाहेर ओढलं आणि उजेडात धरलं. पांढरंशुभ्र. निळा ठिपकासुद्धा नाही. इतकी वर्षं तोंडात बसलेल्या आपल्याच प्रश्नाची त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

"बिघडलं काय, बाई?" झामसिंग दारातून विचारत होता. 

"नाही जी. तुमी बापाची आठवण काढली, म्हणून वाचलं."

हिरालाल बादली घेऊन तसाच उभा. "आता काय करू? कुंडात टाकू?"

"कुंडात टाकलं तं ओझं झेलन. मसाला पाजला तं पाणी झेलन. मंग बोलन कधी?" सुशिलाबाईंचा आवाज पुन्हा नेहमीसारखा खणखणीत झाला होता. "याले कमवाचंच नाही. कोरंच वाळवाचं."

आयुष्य कातडं कमावण्यात गेलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून हिरालालनं बादली खाली ठेवली. बाईंनी लाकडी चौकट काढली, कातडं चहूकडून दोरीनं ताणून बांधलं आणि सावलीत, वाऱ्याला उभं केलं. झामसिंग त्याच्यासमोर उकिडवा बसला. जेवायलासुद्धा हलला नाही. ऊन कललं तसं कातडं सुकलं, आवळलं, आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसू लागला.

हिरालालला चिडवायची संधी क्वचितच मिळायची. "काय जी निवडवाल्या बाई," तो म्हणाला, "म्हंजे हे ना कुंडाचं, ना ढोलाचं."

सुशिलाबाईंनी दोन बोटं वाकवली आणि कातड्यावर हलकेच टिचकी मारली. टण्ण. झामसिंग ताडकन उभा राहिला आणि त्याचा पाय आपसूक ठेक्यावर पडला.

"हे बिचारे पहिल्या दिवसापासून सांगून राहिले," सुशिलाबाई म्हणाल्या. "ढोलाचंच हाय."